बाळाच्या खोलीतला रेडिएटर

पाचवा रेडिएटरही गारच लागला, तेव्हा हिकमत मिस्त्री मटकन खालीच बसले.

म्हणजे बघा, बॉयलर नवाकोरा. कालच त्यांनी स्वतः भिंतीवर चढवलेला. सकाळपासून चालू. पंप घुमतोय, आतली ज्योत निळीशार, पडद्यावरचा आकडा चांगला सत्तरच्या पुढे. आणि रेडिएटरला हात लावावा तर बर्फाची लादी! बाहेर एर्झुरुमची थंडी, उणे वीस, वळचणीला माणसाएवढे बर्फाचे सुळे लोंबतायत. आणि आज दुपारी फेरिदे बाळाला घेऊन याच घरात येणार.

फेरिदे त्यांची एकुलती एक लेक. बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं, इतकुसं. आत्तापर्यंत इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरीणबाईंनी एकच बजावलेलं, "घर गरम ठेवा. याला थंडी सोसायची नाही."

जावई तैफूर म्हणालाही होता, "बाबा, कंपनीचा माणूस बोलावू या ना. त्यांच्याकडे तापमान मोजायची यंत्रं असतात."

"यंत्रं?" मिस्त्रींनी पंजा त्याच्या नाकापुढे नाचवला होता. "अख्ख्या मोहल्ल्याची घरं या हातांनी तापवलीत मी. माझ्या नातवाच्या घराला दुसऱ्याचा पाना लागणार नाही!"

आता बोला.

मिस्त्री उठले. कोट काढून फेकला, मग स्वेटरही. धावपळीने नुसता घाम निथळत होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. छोट्या चावीने एकेका रेडिएटरमधली हवा काढली. फुस्स करून हवा गेली, मागोमाग पाणी बोटांवरून ओघळलं. गार. पाण्यातला गाळ अडवणारी जाळी उघडून बघितली, तर चकचकीत. मग चार रेडिएटरच्या तोट्या आवळल्या, म्हणजे सगळं पाणी बाळाच्या खोलीकडे धावेल. कान देऊन ऐकलं. पाणी खळखळत धावतंय की! हात लावला. गार.

तेवढ्यात दारावर थाप. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मुकर्रममावशी चहा घेऊन आलेल्या. मिस्त्री बाहेर जिन्यात आले आणि दार मागे ओढून घेतलं. तरी जिन्यातली मांजर पायांतून आत सटकलीच.

"अरे, आत तरी घे मेल्या, कुडकुडतेय मी!"

"आत काय आहे मावशी? जिना बरा म्हणायचा."

साखरेचा खडा दाताखाली धरून मिस्त्रींनी चहाचा ग्लास मुठीत घेतला.

"कडेला धर, कडेला! आत्ता उतरवलाय."

"पाइप पिळून पिळून कातडं झालंय हातांचं."

"कातडं कसलं, लक्ष नसतं तुझं. परवा सिगरेट बोटापर्यंत जळत आली तरी गप्पा चालूच. जीव असतो कुठे?"

"नातवात," मिस्त्री म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांना एकदम भरूनच आलं.

आत फोन वाजला. फेरिदे.

"बाबा, निघतोय आम्ही."

"नको पोरी. घर तापत नाहीये."

"अजून?"

मिस्त्रींनी बाहीने कपाळ पुसलं. "त्या कंपनीच्या माणसाला बोलावून घे."

"तैफूरने सकाळीच विचारलं त्याला. उद्याशिवाय जमत नाही म्हणतो."

सकाळीच विचारलं! मिस्त्रींना ते लागलं, पण आता रुसायला तोंड कुठे होतं? "मग आजची रात्र तिथेच राहा."

"पेटी दुसऱ्या बाळाला दिली, बाबा. आम्ही गाडीत बसलोय."

फोन ठेवून मिस्त्री बाळाच्या खोलीत गेले. पाळणा तयार होता. खिडकीच्या काचेवर आतून इतकं धुकं साचलेलं, की गल्लीच दिसेना. रेडिएटरखाली मांजर चारही पाय वर करून पसरलेली. हिला बरी झोप येते! आज बाळाला दोन्ही हातांत घेऊन, त्याच्या कानात अजान म्हणून नाव सांगायचं होतं. तो मान आजोबांचा. आणि आजोबांना साधं घर तापवता येत नव्हतं.

ते गुडघ्यांवर बसले. दोन्ही तळवे रेडिएटरवर घट्ट टेकवले, डोळे मिटले. "ताप रे बाबा. माझ्यासाठी नको, त्या चिमण्यासाठी ताप." किती वेळ बसले कोण जाणे. रेडिएटर काही तापला नाही.

दार उघडलं. पुढे तैफूर, आणि उंबऱ्यातच त्याचा चष्मा पांढराफटक झाला.

"अगंबाई!" फेरिदे मागून ओरडली. "हमामखानाच केलाय की! बाबा, घाबरवलंत किती! फोनवर थट्टा करायची ही वेळ का?" आणि ती भराभरा बाळाच्या शाली सोडायला लागली.

"गार आहे गं," मिस्त्री म्हणाले. "सगळे गार आहेत."

फेरिदेने हसत हसत रेडिएटरला बोट लावलं आणि "आई गं!" करून ते थेट तोंडात घातलं. "बास झालं नाटक. घ्या आता याला, नाव सांगा कानात." तिने बाळ पुढे केलं.

मिस्त्रींनी हळूच तळवे उचलून बघितले. टरारून फोड आले होते, एकेक मनुक्याएवढा. ते उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.