धुतलेले पाय
प्रार्थनागृहात पाय धुण्याच्या विधीसाठी निवडलेली मंडळी घरूनच साबणाने पाय घासून आली होती. मीही त्यांतलाच, पण गवंडी; कामावरून तसाच येऊन शेवटच्या खुर्चीवर बसलो. परात घेऊन येणारे उपदेशक, म्हणजे आमचे दाजी, माझी सिमेंटाने माखलेली पावले पाहून थबकले. "अहो मेहुणे, पाय धुऊन तरी यायचं! पाणी गढूळ होईल!" मंडळी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाजी, धुतलेलेच पाय धुवायचे, तर प्रभूचं नाव कशाला?" असे गरजून मी परात लाथाडण्यास पाय उचलला. तत्क्षणी स्मरले: प्रभूने स्वतःला शत्रूच्या हाती धरून देणाऱ्या शिष्याचेही पाय धुतले होते. "प्रभो, हे मला जमणार नाही, तूच कर," असे पुटपुटून मी दाजींना खुर्चीत बसविले, गुडघे टेकले आणि त्यांचे बूट काढले. संताप तिळमात्र ओसरला नव्हता. हात मात्र त्यांचे पाय धूतच राहिले.