गोदाची अंडी, जनीची कोंबडी

"अंडी माजी, पिल्लां माजी. तुला एक पण मिळायचां न्हाय," असं म्हणून गोदाने बदकाची सगळी पिल्लं टोपलीत भरली आणि कुंपणापलीकडे चालती झाली. जनीची कोंबडी अंगणभर कलकलाट करत फिरू लागली. जनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोलणं झालं होतं ते अर्धेलीचं. गोदाची बदकी अंड्यांवर धड बसत नव्हती, म्हणून तिने ती अंडी जनीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. पिल्लं निघाली की निम्मी अंडीवालीची, निम्मी कोंबडीवालीची. गावात पूर्वापार हीच रीत.

गोदा ही जनीची थोरली जाऊ. तिला मूलबाळ नव्हतं. पण हात असा सढळ, की शेजारणीने वाटीभर तांदूळ मागितले तर ही सूपभर घालायची. तीच आज मूठभर पिल्लांसाठी हातघाईवर आली होती. राहीवरून धुसफुसत असणार, दुसरं काय, असं जनीला वाटलं.

राही जनीची मुलगी. बाळंतपणानंतर जनी अंथरुणाला खिळली, तेव्हा गोदाने तान्ह्या राहीला आपल्या घरी नेलं आणि शेळीच्या दुधावर जगवलं. जनी बरी झाली आणि नवऱ्यामागे बोटीने मुंबईला गेली. पोर इथेच राहिली, गोदाच्या पदराला धरून वाढली. आता गिरणी बंद पडून दोघं गावी परतली होती, आणि येत्या पाडव्याला राहीला घरी आणायचं जनीने ठरवून टाकलं होतं. गोदा त्यावर हूं की चूं बोलली नव्हती. जनीच्या पोटची पोर; कोण काय बोलणार?

जनी कुंपणाशी जाऊन कडाडली.

"गोदाबाय, दिलेला शबुद गिळलास? कोंबडी माजी उपाशी बसली! पंखाखाली घेतलान तिनां!"

"उबवलान म्हणून काय आवस झाली, आय झाली?" गोदा शांतपणे म्हणाली. "जा, गावकाराकडे जा. देवळात गाराणां घाल."

"घालीनच! सोडते काय तुला!"

चोर तो चोर, वर शिरजोर! जनी तशीच तणतणत गावाचे तंटे सोडवणाऱ्या सखाराम गावकराच्या दारात गेली. गावकराला हसू फुटलं.

"पिल्लांपायी देवाला तरास? निम्मी निम्मी वाटून घ्या गो बायांनो."

पण जनीला आता निम्मी नको होती, सगळी हवी होती. आणि गोदाला निरोप गेला, तर तिनेही वाटणीला साफ नकार दिला. दोघी हट्टाला पेटलेल्या बघून गावकराचा नाइलाज झाला.

दुपार कलल्यावर देवळात माणसं जमली. गावकराने देवापुढे नारळ ठेवला. नारळ ठेवून झालेला न्याय मोडायची गावात कोणाची छाती नव्हती. मोडणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा कोणी पीत नसे.

"अंडां जेचां, जीव तेचा," गोदा म्हणाली. "बाकी मना कळत न्हाय."

एवढंच बोलून ती खांबाला टेकून बसली. राही तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

जनी उसळून उभी राहिली.

"बदकी काय करते? अंडां टाकते नि पाण्यात चालती होते! मागे वळून तरी बगते काय? अंडां टाकलान म्हणून कोण आवस होत न्हाय! जी ऊब देते, जी राखते, तीच आवस!"

बायका माना डोलावू लागल्या. गोदाने मान खाली घातली. लाजली एकदाची, म्हणून जनीला बरं वाटलं.

"नीट इचार करून बोल, जने," गावकर म्हणाला. "उद्या दुसऱ्या कोणाचां भांडण आलां तर त्याला पण ह्योच न्याय लागंल."

"लागू दे! कोणच्या पण जिवाला लागू दे!"

गावकराने हात जोडले.

"बा देवा महाराजा! जिनां उबवलान, जिनां वाढवलान, पिल्लू तिचां! ह्यो न्याय जो मोडील, तेला तू बगून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांनी साथ दिली. सगळ्यांत मोठा आवाज जनीचा.

गोदाने कुरकुर केली नाही. पिल्लांची टोपली तिने जनीच्या पुढ्यात सरकवली. जनीने ती हिसका देऊन ओढून घेतली.

मग गोदाने झोपलेल्या राहीला खांद्यावर घेतलं आणि नारळाला वाकून नमस्कार केला.

"गावकारानू, पाडव्याला माज्या दारात कोणी येव नको," ती म्हणाली. "राहीचां अंडां जनीचां. उबवलां मिनां."