अख्खी कवेलू

"छप्पर किती वर्षांचं आहे?" प्रफुलनं विचारलं.

सदाशिवराव ओट्यावर बसून होते. डोक्याची हजामत होऊन थोडेच दिवस झालेले, त्यावर दुपट्टा. त्यांनी मान वर केली नाही. उत्तर त्यांच्या मुलीनं, सपनानं दिलं.

"बावीस वर्षांचं. पण बाबा दर उन्हाळ्यात कवेलू फेरतात. घरात एक थेंब कधी गळला नाही."

प्रफुल विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. मे महिन्यातल्या वादळानंतर त्यानं वर्ध्याच्या आसपासची बरीच घरं पाहिली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, वादळानं नेलं. पण निम्मी छपरं वादळाच्या आधीच कुजलेली असायची. झिजून पडलेल्या छपराला विमा लागू नव्हता. वादळानं पडलेल्याला होता, पण छप्पर जितकं जुनं तितकी भरपाई कमी. त्यामुळे लोक छपराचं वय लपवायचे. इथे मुलीनं खरं वय सांगितलं, याचंच त्याला नवल वाटलं.

पिपरी मेघेच्या या गल्लीत बाकी सगळी स्लॅबची घरं झाली होती. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, हे एकच उरलं होतं.

"तेरवी परवाच झाली," सपना म्हणाली. "आई गेली त्याच रात्री वादळ आलं. सुटी मिळून मी नागपूरहून येईपर्यंत सगळं संपलं होतं. तीन दिवस माझी वाट पाहत होती म्हणे."

सदाशिवरावांनी दुपट्टा सारखा केला.

"आता बाबांना म्हणते, नागपूरले चला. तर हे हलत नाहीत. पण पावसाळा तोंडावर आहे. छप्पर झालं नाही, तर घर विकून यांना न्यावंच लागेल."

"मी नाई येत," सदाशिवराव म्हणाले. तेवढंच.

प्रफुल शिडी लावून वर चढला. वासे ठणठणीत होते. कुठे वाळवी नाही, कूज नाही. असं राखलेलं छप्पर त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. चांगलं छप्पर वादळ सहजासहजी उचलत नाही. वाऱ्याला आत शिरायला आधी जागा लागते.

जागा होती. मधल्या खोलीवर. तिथून पुढे कवेलू उडत गेलेली स्पष्ट दिसत होती. वरून त्यानं खाली पाहिलं. भोकाच्या बरोबर खाली एक रिकामी खाट होती.

तो उतरून परसात गेला. तिथे फुटक्या कवेलूंचा खच होता. भिंतीशी मात्र काही अख्खी कवेलू एकावर एक रचलेली होती. एकाचाही टवका उडालेला नव्हता. वादळ कवेलू फोडतं. रचून ठेवत नाही.

"ही कोणी काढली?"

"बाबांनी नंतर गोळा केली असतील," मागोमाग आलेली सपना म्हणाली.

स्कूटरमधून कागद काढायच्या निमित्तानं प्रफुल रस्त्यावर आला. समोरच्या स्लॅबच्या घरातले अण्णाजी फाटकाशीच उभे होते.

"काय म्हणते आमचा सदाशिव? बोलला का काही?"

"नाही."

"बोलन कसा? साहेब, माह्यं नाव नका सांगू, पण वादळाच्या दिवशी दिवेलागणीले हा बुवा छपरावर होता. म्या या डोयानं पाह्यलं. कवेलू काढून राह्यला होता."

"वादळाच्या आधी?"

"आधी ना! दुपारीच रेडिओनं सांगतलं होतं, वादळ येते म्हणून. म्या हटकलं, काऊन रे बाप्पा, या टायमाले कायले वर चढला? तर काही बोलला नाई. अन् खाली मंदाबाई खाटेवर. तीन दिवसाची घरघर लागलेली. अशा बाईच्या डोक्यावरचं छप्पर काढते का कोणी?"

प्रफुलला एकदम सगळं जुळलेलं दिसलं. रेडिओ, शिडी, भोक, रचलेली कवेलू. लबाड्या त्यानं खूप पाहिल्या होत्या. पण मरायला टेकलेल्या बायकोला उघड्यावर टाकून विमा उकळणारा माणूस पहिलाच. त्याला किळस आली.

तो परत ओट्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच सदाशिवराव मुलीला म्हणाले, "सपना, साहेबाले चहा ठेव."

ती आत गेली. चुलीवर भांडं वाजलं.

"छप्पर वादळानं उघडलं नाही," प्रफुल हळू आवाजात म्हणाला. "कोणीतरी आधी हातानं उघडलं. मग वारा आत शिरला. मला हेच लिहावं लागेल."

"लिवा जी."

"म्हणजे मान्य आहे?"

"मीच काढली. विम्याचा अर्ज सपनानं केला. मी नाई म्हणलं होतं."

"तुम्हाला लाज नाही वाटली? खाली बायको शेवटच्या घटका मोजत होती आणि तुम्ही..."

सदाशिवरावांनी आत कानोसा घेतला. सपना कप विसळत होती.

"हळू बोला, साहेब. लिवाचं ते लिवा, घर गेलं तं जाऊ द्या. पण पोरीले सांगू नका. ती गाडीत बसली होती, रातच्याले पोचणार होती. मंदीले तेवढाही धीर नव्हता, लय हाल होऊन राह्यले होते तिचे." त्यांनी वर, उघड्या वाशांकडे पाहिलं. "तिच्या माहेरी जीव अटकला तं डोक्यावरची कवेलू काढतात. तिनंच माहा हात धरला, अन् म्हणे, पोरीची वाट नका पाहू आता, मले वाट करून द्या."