तळाचा दगड

कारागिराने पातं बर्नरवर तापवलं आणि लोखंडी चौकटीच्या कोपऱ्यात हळूच सरकवलं. जुनी पुट्टी डांबरासारखी काळी, घट्ट झाली होती. ती मऊ पडली तसा माशांच्या टाकीचा तळ सुटला. तळाला काच नव्हती. शाळेतल्या पाटीचा असतो तसल्या दगडाची जाड लादी होती. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, गोणपाटावर उलटी ठेवली आणि विचारलं, "दिवा कोण लावायचं?"

"कसला दिवा?" ताई म्हणाली.

राखाडी दगडाच्या मधोमध थाळीएवढा काळाकुट्ट गोल होता. कारागिराने त्यावर बोट फिरवून दाखवलं. बोट काजळीने माखलं.

"जुन्या टाक्यांना तळाला दगड घालायचे तो यासाठीच. थंडीत खाली दिवा ठेवायचा, पाणी कोमट राहतं. काच असती तर तडकली असती."

"आमच्याकडे नव्हतं असलं काही," ताईचा भाऊ म्हणाला. पन्नाशीला टेकला होता, टक्कल पडलं होतं, तरी घरात अजून बारक्याच होता. "मी दिवसभर नाक लावून बसायचो या टाकीला. दिवा दिसला नसता होय मला?"

"दिवसा कशाला लावतील?" कारागीर म्हणाला. "आणि हे एका थंडीचं काम नाही. थरावर थर आहेत."

ताई आणि बारक्या एकमेकांकडे बघायला लागले.

"तू लावायचीस?"

"मला काडेपेटीला हात लावू देत होतं का कुणी? बाबा असतील."

"बाबा? ते सारखे फिरतीवर. घरी आले की म्हणायचे, हे डबकं बाहेर काढा आधी."

टाकी त्यांच्या आईची. त्यातले पट्ट्यापट्ट्यांचे एंजल मासेही तिचेच. दोघं शाळेत असतानाच ती गेली, मासे मात्र पुढे कितीतरी वर्षं जगले. आईच सांभाळते त्यांना, असं ही दोघं एकमेकांना सांगायची. टाकीवर त्यांनी कागदही चिकटवला होता : हात लावू नये. तो कुणासाठी होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जिच्यासाठी होता, ती दुकानाच्या दाराशी खुर्चीत बसली होती. वडिलांची दुसरी बायको. दोघं तिला मावशी म्हणत. इथलं काम उरकून तिला डोळे तपासायला न्यायचं होतं.

"उरकलं का रे?" तिने तिथूनच विचारलं. "डॉक्टर काय आपल्यासाठी ताटकळत बसणार आहे?"

बारक्या तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, टाकीखाली दिवा कोण लावायचं गं?"

मावशीने पर्स मांडीवर सरळ केली. "चिमणी होती. रॉकेलची."

"तू?"

"मग काय आपोआप पेटायची?"

ताईही आता दाराशी आली. "अगं पण टाकीला तर पडदा होता खाली. पेटला असता तर?"

"म्हणून तर खोचून ठेवायचे वर. आणि बसायचे तिथंच. तुम्ही उठायच्या आत विझवून पुसून ठेवायचे."

"पण तुला मासे आवडायचेच नाहीत! वास येतो म्हणायचीस."

"यायचाच वास."

"मग कशाला?"

मावशीने मान वर केली. तिला ताईचा चेहरा नीट दिसत नसावा. ती जराशी बाजूलाच बघत होती. "एक जरी मेला असता, तर तुम्ही दोघांनी काय म्हटलं असतं मला?"

ताईच्या मनात आलं, म्हणजे हे प्रेम नव्हतं, भीती होती. की नुसती भीती असती तर माणूस एवढं जागत नाही? तिने बारक्याकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून उभा होता.

"तरी एक मेलाच," मावशी म्हणाली. "दिव्याचं मला ठाऊक नव्हतं तेव्हा. सकाळी बघते तर तरंगतोय. तुम्ही शाळेतून यायच्या आत सगळा बाजार पालथा घातला, तेव्हा तसाच एक मिळाला. फक्त मेलेल्याचा मधला पट्टा अर्धाच होता, तसला काही सापडेना. त्या दुकानदाराने सांगितलं, बाई, खाली दिवा ठेवा."

"पट्टा!" बारक्या एकदम ओरडला. "ताई, अगं तो पट्टा! एका दिवसात पूर्ण झाला होता! आईने काढला म्हणालो होतो आपण!"

"म्हणाला होतात," मावशी म्हणाली. "मी ऐकलं होतं."

ताईने दाराच्या चौकटीला हात टेकवला. "आणि बाकीचे? बाकीचे मासे आईचेच होते ना गं?"

मावशीने पर्सची चेन उघडली, बंद केली.

"मावशी, सांग ना. शेवटी उरले होते ते कुणाचे?"

"आता काय त्याचं!"

मागून कारागीर खाकरला. त्याच्या हातात तारेचा ब्रश होता. "बोलणं झालं असेल तर सांगा. दुसरी पुट्टी लावायच्या आधी दगड साफ करावा लागेल. वरची बाजू करतोच. ही काजळी काढू, की राहू दे?"

"काढा," ताई म्हणाली.

"राहू दे," त्याच क्षणी बारक्या म्हणाला.

दोघं थबकली. मग दोघांनीही, जणू ठरवून, मावशीकडे पाहिलं.

ती खुर्चीचा हात धरून उठत होती. पायाने उंबरा चाचपत म्हणाली, "मला काय विचारता? टाकी तुमच्या आईची."