काचेवरचे ठिपके

अरे, ऐका ना! आयर्लंडमधल्या लिमरिकच्या थंडीला आणि एकटेपणाला कंटाळून आई पुण्याला परत निघाली होती. मी रडकुंडीला आले. मग काल घर तापवायच्या स्टोव्हमध्ये पहिल्यांदाच दगडी कोळसा टाकून पाहिला. घर असलं तापलं ना, आईने चक्क स्वेटर काढला!

सकाळी स्टोव्ह गार, त्याच्या दाराची काच काजळीने काळीकुट्ट. आणि त्या काजळीत रांगोळीचे ठिपके, अगदी ओळीत!

"मुक्ते, तू काढलेस?" आई जाम खूश.

मी नव्हते काढले. बाहेरून कापड फिरवलं, तर पुसलेच जाईनात. ठिपके आतून होते.

आईने हसत बाहेरून एका ठिपक्यावर बोट टेकवलं. शेजारच्या ठिपक्यापासून आतून एक रेघ निघाली आणि सावकाश तिच्या बोटापर्यंत आली.

"तिकीट रद्द कर गं," आई म्हणाली. "मला सोबत मिळाली."