चौथ्या क्वार्टरला बाकावर

सराव संपला तसा कीथने खिशातून कागद काढला आणि शनिवारच्या उपांत्य सामन्याची नावं वाचायला घेतली. दर गुरुवारी असंच व्हायचं. क्लबहाऊसमध्ये आधी एकेक नाव आणि टाळ्या, मग सगळ्या घरांचं जेवण एकत्र. गावातल्या चौदा वर्षांखालच्या मुलींना तो तीस वर्षं नेटबॉल शिकवत होता. सामन्याचे चार क्वार्टर; सात जणी कोर्टवर, तिघी बाकावर.

"आणि चौथ्या क्वार्टरला टेगन बसेल. तिच्या जागी मॅडी," त्याने शेवटी वाचलं.

टेगन त्याची नात, त्याला पॉप म्हणणारी. मॅडी खाटकाची मुलगी, आणि संघाचा खर्च तोच करायचा, म्हणून मुलींच्या पाठीवर नाव होतं त्याच्या दुकानाचं.

"काय रे कीथ," मागून कुणीतरी ओरडलं, "नातीपेक्षा सॉसेजं गोड लागतात वाटतं!"

सगळे हसले. कीथही हसला. त्याची मुलगी कॅरिन तेवढी हसली नाही. सबंध मोसमात तिची टेगन एकदाही शेवटच्या क्वार्टरला खेळली नव्हती. सोमवारी कॅरिनने समितीच्या पेटीत चिठ्ठी टाकली होती. सही न करता. कोच वशिल्याने संघ निवडतो, चांगल्या मुली बाकावर कुजतात. समिती त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सुनावेल, एवढंच तिला वाटलं होतं.

जेवणं उरकल्यावर अध्यक्ष नोएलने कीथला मागच्या खोलीत बोलावलं. कॅरिन ताटल्या धूत होती. दार नीट लागलं नव्हतं.

"नियम आहे रे, कीथ. लेखी तक्रार आली की चौकशी होईपर्यंत कोचने थांबायचं. वाईट वाटून घेऊ नकोस."

"उपांत्य सामना आहे, नोएल."

"मला काय हौस आहे?"

हा नियम कॅरिनला ठाऊक नव्हता. तिच्या हातातली ताटली तशीच पाण्यात राहिली.

बाहेर, गाडीपाशी, कीथ म्हणाला, "ज्याला बोलायचं त्याने तोंडावर बोलावं. मी काय खाल्लं असतं त्याला?"

"डॅड, मी..."

"जाऊ दे गं. त्या रोंडाचंच काम. तिच्या पोरीला, पिपाला, बाकावर बसवतो ना मी. दर गुरुवारी भांडते माझ्याशी."

कॅरिनने मान हलवली. होकार म्हणून नव्हे, पण त्याला तो होकारच वाटला. रोंडाचं नाव तो आणखी दोघांजवळ बोलला असावा, कारण शुक्रवारी दुपारपर्यंत ते गावभर झालं होतं.

शनिवारी सकाळी, सामन्याला तासभर असताना, कीथ परसात कपड्यांच्या दोरीखाली कोसळला. रुग्णवाहिका शेजारच्या गावातून यायची होती. ती आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बुधवारी दफनानंतर सगळे क्लबहाऊसमध्ये जमले. रिवाजाप्रमाणे प्रत्येक बाईने घरून काहीतरी करून आणलं होतं. बघता बघता टेबल रिकामं झालं. रोंडाने आणलेल्या केकच्या वड्यांना मात्र कुणी हात लावला नाही. मग कुणीतरी ती ताटली उचलून चहाच्या पिंपामागे सारली.

"आधी माणूस मारायचा, मग केक घेऊन यायचं," नोएलची बायको सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

रोंडा कॅरिनजवळ आली. तिचे डोळे सुजले होते. "शप्पथ घेते, कॅरिन. मी तोंडाची फाटकी आहे, पण चिठ्ठ्या लिहिणारी नाही. तू तरी खरं मान गं."

कॅरिनने तिचा हात धरला. मग हात सोडून ती बाहेर कोर्टवर आली.

टेगन बाकावर बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"मम, पॉपला मी मारलं."

"वेडी आहेस का? काय बोलतेस?"

"शेवटच्या क्वार्टरला सगळे ओरडतात ना, मला ओकारी येते. मीच त्याला म्हटलं, मला बसव. तो म्हणाला, बसवतो, आणि कुणाला सांगत नाही, तुझ्या ममलासुद्धा नाही." तिचा श्वास हुंदक्यात अडकत होता. "मी समितीला जाऊन सांगितलं असतं तर त्याला काढलं नसतं ना?"

कॅरिन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने लेकीचं तोंड पुसलं. मग तिच्या दंडाला धरून तिला आत घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"ती चिठ्ठी रोंडाने लिहिली नाही. टेगनचाही काही दोष नाही. मी लिहिली."

नोएलने हातातला कप खाली ठेवला.

"अगं, लेकीसाठी आईचा जीव तुटतो कधी कधी," तो सांभाळून घेत म्हणाला. "टेगनसाठीच ना—"

"टेगनसाठी नाही."

तिने नोएलकडे पाहिलं नाही. भिंतीवर तीस वर्षांच्या संघांचे फोटो होते. त्यातल्या एकात, डाव्या टोकाला, कोच असलेल्या बापाशेजारी तेरा वर्षांची कॅरिन उभी होती. पोरीला झुकतं माप देतो असं लोक बोलतील म्हणून बापाने प्रत्येक चौथ्या क्वार्टरला बसवून ठेवलेली, एका शब्दाने तक्रार न करणारी.

"डॅड," ती मोठ्याने म्हणाली, "मला खेळायचं होतं रे."