फोटोखालची नावं

"हा? हा तर आमचा दूधवाला! मेला दूध कमी आणि पाणीच जास्त घालायचा." मावशींनी फोटोवर बोट टेकवलं आणि खो-खो हसल्या.

कार्यवाहांनी लगेच पट्टीवर नाव लिहून फोटोखाली चिकटवलं. गावाच्या इतिहास मंडळाला एरवी कुणी हिंग लावून विचारत नसे. अध्यक्ष म्हणजे औषधांचे दुकानदार. ते वार्षिक सभेला येत, चहा पीत आणि घड्याळाकडे बघत निघून जात. बाकीचे सभासद नावापुरते. राबायला उरले एकटे कार्यवाह. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे बिनपगारी काम अंगावर घेतलं, तेव्हा लोक म्हणाले, घरी वाट बघणारं कुणी नाही, बिचारा जाणार तरी कुठं? तेही काही खोटं नव्हतं.

पण खरं कारण निराळं होतं. गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मालकाच्या मुलांनी खोकीच्या खोकी फोटो मंडळाच्या गळ्यात मारले होते. एकावरही नाव नाही. कार्यवाह अनाथाश्रमात वाढलेले. आई याच गावातली आणि ते तान्हे असतानाच गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. या खोक्यांत कुठंतरी तिचा चेहरा असेल, या आशेवर त्यांनी सगळे फोटो पालथे घातले होते. पण उपयोग काय? ती समोर आली असती तरी ते तिला ओळखणार कसे?

म्हणून त्यांनी फोटो भिंतीवर लावले आणि दाराबाहेर पाटी टांगली: ओळखा आणि सांगा. आलं कोण? एक पोस्टमन पाणी प्यायला आणि एक गृहस्थ संडास कुठं आहे ते विचारायला.

आणि मग मावशी.

वयानं कार्यवाहांहून थोड्याच मोठ्या. पोस्ट ऑफिसचा रस्ता विचारायला म्हणून शिरल्या आणि भिंतीसमोर थबकल्या. पोस्ट नुकतंच दुसरीकडे हललं होतं, तेव्हा विचारण्यात नवल ते काय?

"अगं बाई, ही तर आमची शिवणवाली!" त्या म्हणाल्या. बोलताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हापासून त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. एका फोटोतला धिप्पाड माणूस नावाडी निघाला. गावाला नदी नाही. कार्यवाहांनी बराच विचार केला आणि पट्टीवर पुस्ती जोडली, की पूर्वी तळ्यात होड्या चालत असाव्यात. अध्यक्षांनी तर बघताक्षणी मान डोलावली. "नावाडीच तो! लहानपणी मी पाहिलाय ना याला," त्यांनी बिनदिक्कत ठोकून दिलं.

आभाराच्या फलकावर घालायला कार्यवाहांनी मावशींचं नाव विचारलं.

"मावशीच लिहा हो. नाव घेऊन हाक मारणारं आता कोण राहिलंय?"

एका दुपारी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "आणि यात तुमची माणसं कुठली?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं. कार्यवाहांनी सगळं सांगितलं. मावशी चहा तसाच टाकून घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात आल्या त्या थेट खोक्यांकडे. खाली बसून बराच वेळ चाळत राहिल्या आणि शेवटी एक फोटो ओढून काढला. खुर्चीत बसलेली तरुण बाई, मांडीवर बाळ. बाईचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतंच, ती बाळाकडे बघत होती.

"ही तुमची आई."

कार्यवाहांनी फोटो खिडकीपाशी उजेडात नेला. "नक्की?"

"शेजारीच तर राहायची आमच्या. मी एवढीशी होते, पण तुम्हाला कडेवर घेऊन गल्लीभर मिरवायचे." मग त्यांनी नाव सांगितलं. जुन्या वळणाचं, आता कुणी ठेवत नाही असं.

"स्वभावानं कशी होती हो?"

"तोंडाळ!" मावशी हसल्या. मग फोटोतल्या बाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण तुमच्यावर फार जीव. क्षणभर खाली ठेवायची नाही."

साठी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा ढसाढसा रडला. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नंतर कार्यवाहांनी पट्टी लिहिली. आधी ते नाव, आणि पुढं 'आणि तिचा मुलगा'.

दिवस बदलले. संध्याकाळी मंडळाला कुलूप लावताना कार्यवाह आता "येतो गं" म्हणू लागले. ऐकायला कुणी नसे, पण त्यांना बरं वाटायचं.

मग मावशी यायच्या थांबल्या. कार्यवाहांनी बरीच वाट पाहिली. शेवटी त्या फोटोची एक प्रत खालच्या पट्टीसकट चौकटीत बसवून घेतली आणि विचारत विचारत त्यांची खोली गाठली. दार घरमालकिणीनं उघडलं.

"मावशी? त्या गेल्या हो मागच्या आठवड्यात. झोपेतच."

कार्यवाह पायरीवरच बसले. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या माणसांना कळवलंत?"

"माणसं आणायची कुठून? त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं कुठं कुठं पांगली. एक फोटो म्हणाल तर उरला नव्हता बाईंकडे."

"काहीतरी घोटाळा होतोय. त्या इथल्याच. लहानपण गेलं त्यांचं इथं."

"छे हो! गेल्याच वर्षी आल्या. त्याआधी हे गाव बघितलंसुद्धा नव्हतं त्यांनी. बाजाराचा रस्ता मीच दाखवला ना."

कार्यवाहांच्या डोळ्यांपुढे ती सगळी भिंत आली. दूधवाला, शिवणवाली, नावाडी. आणि खुर्चीतली ती बाई. ते कसेबसे उठले आणि चौकट घरमालकिणीच्या हातात देऊन पायऱ्या उतरू लागले.

"अहो, थांबा!" तिनं मागून हाक मारली. "बाई दुसरीच दिसतेय, पण खाली नाव तर आमच्या मावशींचंच आहे की. आणि हा मुलगा कुठला? मावशींना मूलबाळ नव्हतं हो."